पाच विहिरींचा आलेख

साहेबांना एकच आलेख हवा होता, "लोकांना झटकन कळेल असा." मी पाणी तपासणीच्या कचेरीत आलेख काढते. झटकन म्हटलं की माझं डोकं फिरतं.

विहिरी पाच. लिटरभर पाण्यात शिसं दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. बॅटरीच्या कारखान्याजवळच्या विहिरीत निघालं बेचाळीसशे, इतर तीन विहिरींत पाचाच्या आत, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या वस्तीतल्या विहिरीत अडतीस. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली तर कारखान्याचा खांब पानाच्या माथ्याला टेकतो आणि बाकीचे जमिनीला चिकटतात. अडतीस आणि तीन सारखेच दिसतात. बहिणीला सहा महिन्यांचं बाळ आहे, पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावर.

म्हणून मी दर पायरीला दहापट वाढणारी मोजपट्टी घेतली. बहिणीची विहीर दिसू लागली, पण कारखान्याचा खांब तिच्या दुपटीहून थोडाच उंच राहिला. आगीतून फुफाट्यात. साहेब खूश झाले. "वा! कारखाना किती लहान वाटतो. हाच लावू."

तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद मी त्यांच्या हातातून काढून घेतला. मग दर विहिरीला वेगळी चौकट केली, वेगळी मोजपट्टी, आणि प्रत्येकीत दहावर लाल रेघ.

"अहो, पाच चित्रं कोण बघत बसतं? तो कागद देत नसाल तर पहिलाच, साध्या मोजपट्टीचा लावा," साहेब म्हणाले.

पहिलाच लागला, कचेरीच्या फलकावर, माझ्या सहीनिशी. संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"ताई, बघून आले. आमच्या विहिरीत काहीच नाही. उगाच घाबरवत होतीस."

"अगं, अडतीस आहे. ते पाणी बाळाला देऊ नकोस."

"मग दिसत का नाही? खाली सही तर तुझीच आहे." पलीकडे बाटली हलवल्याचा आवाज येत होता.

सकाळी कचेरी उघडताच मी फलकावरचा कागद फाडला आणि पाच चौकटी चिकटवल्या. बहिणीला बोलावून घेतलं. मागोमाग साहेब आले. "कोणाला विचारून काढलंत?"

बहीण आपल्या चौकटीसमोर उभी होती. लाल रेघेच्या जवळजवळ चौपट उंच गेलेल्या खांबावरून तिनं बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

"ताई, हे काल का नाही लावलंस?"

"त्यांना विचार," मी म्हटलं.

बाळाला कडेवर सावरत ती साहेबांकडे वळली.