चुंबकाखालची डबी

मी डबी बोलतेय. हळदीकुंकवाची नव्हे, तपकिरीचीही नव्हे. काळजाची. साबणाच्या वडीएवढी, धातूची. परदेशात घडले, पुण्याच्या एका दवाखान्यात आले आणि बेलापूरच्या रंभाजीच्या डाव्या खांद्याजवळ, हासळीच्या हाडाखाली, कातडीच्या आत मला शिवून टाकलं. साल अठ्ठ्याण्णव. त्याआधी तो चालता चालता कोसळला होता, मरता मरता वाचला होता. थोरला पंकज सरकारी नोकरीत, म्हणून बापाला मी मिळाले. नाहीतर गावात माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

माझं काम राखणीचं. काळीज बिघडलं की विजेचा दणका द्यायचा. पण उठसूट नाही. आधी मी प्रश्न विचारते. किती जोरात पळतंय? वेग हळूहळू घेतला की एकदम सुटलं? ठोके सारखे पडतायत की वेडेवाकडे? माणूस चढण चढला, भांडला, तर वेग हळूहळू वाढतो. तिथं मी गप्प. वेडेवाकडे ठोके ही बहुतेक वरच्या कप्प्याची कुरबुर, तिथंही गप्प. एकदम सुटून सारखं पळालं, तर खालचा कप्पा पिसाळला, तिथं मारायचं. आणि काळीज नुसतं थरथरायला लागलं तर प्रश्नच नाहीत, मारायचंच. मला डोळे नाहीत. बाहेरचं बोलणं तेवढं कातडीतून ऐकू येतं. बाकी सगळा न्याय एका वायरीवर.

रंभाजीचा धंदा स्पीकरचा. मच्छिंद्रचा टेम्पो, याचे कर्णे. एका लग्नात तो निवांत बसला होता.

"अण्णा, खांब चालला! खाली पोरं हायेत!" मच्छिंद्र ओरडला.

रंभाजी झेपावला. काळीज एका दमात सुटलं आणि सारखं पळालं. माझ्या प्रश्नांची उत्तरं तशीच आली. मी मारलं.

खांब दुसऱ्यांनी सावरला. रंभाजी किंचाळून आडवा झाला, आणि मांडवात हशा. "साउंडवाल्यालाच करंट! आरं, वायरी तपासा याच्या!"

पुढच्या सुपाऱ्या हातच्या गेल्या. पुण्याला गेला असता तर डॉक्टरांनी माझे प्रश्न नीट करून दिले असते, कातडीही न कापता. पण याच्या डोक्यात त्यांचं दुसरंच वाक्य बसलं होतं: मोठं लोहचुंबक छातीजवळ नेऊ नका, डबी झोपेल. स्पीकरवाल्याला अजून काय पाहिजे? जळक्या स्पीकरचं चुंबक उपटलं आणि बनियनच्या आत फडक्यानं बांधलं.

"अवो, राखणीच्या कुत्र्याचं तोंड कुनी बांधतं व्हय?" त्याची बायको भिमाबाई कडाडली.

"जयंतीपुरतं गं. आपल्याच मिरवणुकीत आडवा पडलो तर धंदा संपला माझा. मिरवणूक झाली की सोडतो."

"आन् काळीज तवर दम धरंल का?"

"तुझ्या तोंडापुढं समदे दम धरत्यात," तो हसला.

चौदा एप्रिलला टेम्पो निघाला. भर उन्हात काळीज एकदम सुटलं, आणि बघता बघता थरथरायला लागलं. ज्यासाठी मला घडवलं तेच हे. मी ओळखलं. पण चुंबकाखाली नुसतं ओळखता येतं, मारता येत नाही.

"ऊन लागलं अण्णाला! कांदा आणा, तळवे चोळा!"

"छातीला हात लावू नका, करंट हाय त्याच्यात!"

मग भिमाबाईचा आवाज. "सरका मेल्यांनो!" बनियन टरकावलं, चुंबक भिरकावलं.

मी ताकद गोळा केली आणि मारलं. छाती उडाली.

"हलला! जित्ता हाय!" भिमाबाई ओरडली.

परत मारलं. परत उडाली. "बघा की, हलतोय!"

तो हलत नव्हता, बाई. मी हलवत होते. उशीर झाला होता. दणक्यागणिक थरथर बारीक होत गेली, मग वायरीवर काही येईना. गप्प झालेल्या काळजाला मी मारत नाही. तसा हुकूमच नाही मला.

आता मी दवाखान्यातल्या एका खणात पडून आहे. ज्यांच्या छातीत माझ्या बहिणी आहेत त्यांना सांगते, आम्ही चुकून मारलं तर खुशाल शिव्या घाला, पण डॉक्टरकडं जा. आपल्या हातानं झोपवू नका.

भिमाबाईला सांगायला मात्र माझ्याकडं काही नाही. चितेच्या आगीत फुटेन म्हणून मला काढायला माणूस आला, तेव्हाही तिचा तळवा माझ्यावर दाबलेला होता. पंकज म्हणाला, "आई, ऊठ आता."

"थांब रं," ती म्हणाली. "आत्ता मारंल ती."