सामुद्रधुनीसाठीची सही

बाबा संमतीपत्र घेऊन आले तेव्हा मी गॅलरीत पेपर तपासत बसले होते. आई लालबागला मासळी आणायला गेली होती.

"अपेक्षा, कंपनी विचारतेय. सामुद्रधुनीतून जायचं असेल तर सही द्या, नाहीतर दुसरं जहाज घ्या. तुझी आई म्हणते, सही केलीत तर घराला कडी लावीन."

बाबा तीस वर्षं जहाजावर होते, आता बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. मी परळच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते. त्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका देशाने सामुद्रधुनी बंद केल्याचं जाहीर करून दोन जहाजांवर मारा केला होता.

"असं का करतात गो ते?"

"समुद्राचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांना ते टिकायला हवेत. ज्यांना लिहिताना कुणी विचारलं नाही, ते मोडून दाखवतात. त्यांना युद्ध नको असतं बाबा, मान हवा असतो."

"म्हणजे ज्याच्या दारात नळ, तो सांगणार रांगेत या. दुसरा बादली भिरकावणार." बाबा हसले, पण नजर संमतीपत्रावरच होती. "पण ती लागते कुणाला? हे आहे काय तुझ्या पुस्तकात?"

"तुमच्या जहाजात खत. झेंडा तिसऱ्याच देशाचा. तुम्हाला मारून त्यांना काय मिळणार? जा बिनधास्त."

माझंच लाल पेन घेऊन त्यांनी सही केली.

तीन आठवड्यांनी बाबा बंद पेटीतून आले. त्यांच्या हाताखालचा खलाशी गौतम पेटीबरोबर होता, दोन्ही हातांना बँडेज. आईने त्याला सगळं सांगायला लावलं.

"पहिलं क्षेपणास्त्र ब्रिजवर आलं, जिथून जहाज चालवतात तिथं. कॅप्टनचं खांद्याच्या वर काही उरलं नाही. बोसन आम्हाला लाइफबोटीकडे ढकलत होते, तेवढ्यात दुसरं डेकवर फुटलं. पत्रा त्यांच्या पोटात घुसला. ते खाली बसले, आतडी हातांनी आत दाबून धरली आणि आम्हाला नावानं हाका मारत राहिले. मग तेल पेटलं. मी ओढायला गेलो, तर दंडाची कातडीच माझ्या हातात आली, मावशी."

"लगेच गेले?"

गौतमने मान हलवली. नाही.

लाइफबोटीवरही गोळ्या झाडल्या होत्या. वैभव नावाचा बावीस वर्षांचा खलाशी गौतमच्या मांडीवर गळ्यातून रक्त वाहून मेला. हल्ल्यानंतर दोन दिवसांनी बड्या देशांच्या विमानांनी त्या किनाऱ्यावरचं बंदर जाळलं आणि नियमांचं रक्षण केल्याचं निवेदन काढलं. टीव्हीवर जळक्या गोदीतून हमालांची प्रेतं ओढून काढत होते. एका प्रेताला पाय नव्हते. मी टीव्ही बंद केला नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला शिवडीच्या बुद्धविहारात आमची चाळ लोटली. वंदना झाली. मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून बाबांविषयी बोलू लागला.

"कंपनीने फसवून सही घेतली!" चाळीतले जगदीशकाका ओरडले.

आई जागेवरूनच म्हणाली, "ते फसणारे नव्हते. जाणार नाही म्हणाले होते मला. मी मासळी घेऊन आले तोवर सही झाली होती. कुणी भरीला घातलं त्यांना, एवढं कळू दे मला."

"आता अपेक्षाताई बोलतील," कुणीतरी म्हणालं. "प्राध्यापक आहेत, नीट समजावतील."

मी दोन पानं लिहून आणली होती. कोणते देश व्यवस्था मोडतात, कोणते राखतात. ती घडी करून मुठीत धरली आणि आईकडे वळले.

"आई, ते घाबरले होते. मला दिसलं होतं. तरी मीच म्हटलं, जा."