नलूमावशी जेवली कवा?

शिक्रापूरच्या एका कंपनीत सुषमा तपासणीच्या टेबलावर काम करायची. घर तळेगाव ढमढेऱ्यात. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता ती मोबाईलवर गोष्ट लिहायची. तिची आवडती टीव्हीवरची मालिका मध्येच बंद पडली होती. तिच्यातली नलूमावशी, भावाच्या घरी राबणारी विधवा, तशीच अर्धवट राहून गेली. तिचं पुढं काय झालं, ते सुषमाच लिहू लागली. मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर तिनं सात भाग टाकले. 'मस्त', 'भारी' यापलीकडं कुणी काही बोलेना.

शेवटी तिनं ग्रुपवरच विचारलं, 'टाकायच्या आधी कच्चा भाग वाचून चुका सांगणारं कुणी आहे का?'

दोन दिवसांनी एकच उत्तर आलं. दौंडचे हौसराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. परका माणूस म्हणून सुषमा जरा कचरली, पण आठवा भाग तिनं पाठवला. रविवारी त्यांचा फोन आला.

"ताई, वाचतो मी, पण चुका काढायचं काम आमच्या मंडळींचं. शुगरनं नजर गेली तिची. मालिका ऐकायची, आता तुमचं ऐकती. घ्या, बोला."

त्यांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, फोन घेत थेट विचारलं, "पोरी, आठ भाग झालं. नलू समद्यांना वाढती. ती सोता जेवली कवा?"

"जेवत असेलच की, काकू."

"मग लिहिलं का न्हाई? आन् भावजय एकदम माफी कशी मागती? कालपातूर तर शिव्या देत हुती. तुला उरकायची घाई झाली व्हय?"

फोन ठेवला तेव्हा सुषमाचे कान तापले होते. आठवडाभर तिनं काही लिहिलं नाही. मग एके दिवशी बसमध्ये तिनं पहिल्यापासून सगळे भाग वाचून काढले. नलूमावशीनं चहा केला होता, भाकरी थापल्या होत्या, डबे भरले होते. घास एकदाही घेतला नव्हता. आपल्या आईला जेवताना आपण शेवटचं कधी पाहिलं, हेही सुषमाला आठवेना.

तिनं आठवा भाग नव्यानं लिहिला. माफी काढून टाकली. आता भावजय नुसतं ताट वाढते आणि म्हणते, 'बसा, गार होतंय.' नलूमावशी आधी उभीच राहते. मग बसते, पहिला घास घेते आणि रडू लागते.

हा भाग मोबाईलवर पाठवावासा वाटेना. रविवारी न्हावऱ्यात गाडी बदलून ती दौंडला गेली आणि पुतळाबाईंशेजारी पलंगावर बसून तिनं स्वतःच वाचून दाखवला.

पुतळाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "नलू घास घेती, तितंच थांब. ती रडती, ते काढून टाक. रडायचं काम ऐकणाऱ्याचं."

सुषमानं तिथंच त्या ओळी खोडल्या.

भाग टाकताना तिनं खाली लिहिलं, 'कच्चा भाग ऐकून चुका सांगितल्या : पुतळाबाई, दौंड.'

संध्याकाळी हौसरावांचा फोन आला.

"तिचं नाव तीनदा वाचायला लावलं मला," ते हळू आवाजात म्हणाले. "ऐकू आलं न्हाई म्हणती. कान तर चांगले हायेत तिचे."