पाठीवरचे चार पट्टे

बाबांचा धावण्याचा पांढरा टी-शर्ट एक. पाठीवर आडवे तांबूस पट्टे चार, प्रत्येक दोन सेंटीमीटर रुंद, मधलं अंतर सगळीकडे सारखं. काखेत डाग नाही. गळ्यालाही नाही.

"मोजून डाग जातात का गं?" आईने विचारलं. "रसायनशास्त्र शिकलीस, आता घास की."

लेकीने आधी थंड पाणी आणि साबण वापरून पाहिला. पट्टे हलले नाहीत. ती कपडे वाळत घालायला वळली तेवढ्यात आईने आपला हुकमी एक्का काढला आणि थेट ब्लीच ओतलं. पट्टे आणखी गडद झाले.

"अहो, तुम्ही धावता की लोळता?" आईने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

"घामाचे डाग असतील," बाबा पेपराआडून म्हणाले.

घामाचे डाग इतके शिस्तीत बसत नाहीत. लेकीने शर्ट खळबळून धुतला, एका पट्ट्यावर लिंबू पिळलं, मीठ चोळलं आणि तो उन्हात ठेवला. जेवणं होईपर्यंत तो पट्टा फिका पडला. म्हणजे गंज. लोखंडाच्या चार पट्ट्यांना पाठ टेकली होती, तीही पहाटेच्या दवात. बाबा धावायला जात त्या मैदानाच्या कडेला तसा एक बाक होता.

हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, हळूहळू धावायला लागा, नाहीतर हृदयाची ताकद परत यायची नाही. महिन्याभराने तपासणी होती. रोज सकाळी तासभर ते बाहेर असत, आणि आई त्या तासाच्या भरवशावर निर्धास्त होती.

आई शेजारी गेल्यावर लेक बाबांपाशी जाऊन बसली.

"बाबा, मैदानातल्या बाकाचा रंग उडालाय का?"

बाबांनी पेपराची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली.

"पहिल्या दिवशी अर्धी फेरी धावलो. छाती धडधडायला लागली. झटका आला त्या दिवशीही अशीच सुरुवात झाली होती."

"धावल्यावर धडधडतंच, बाबा."

"ते डोक्याला कळतं गं. पाय ऐकत नाहीत." मग हलक्या आवाजात म्हणाले, "आईला सांगू नकोस. ती जेवायची बंद होईल."

डॉक्टरांचं म्हणणं परत ऐकवून उपयोग नव्हता. ते बाबांना पाठ होतं.

"उद्या मी येते. तुम्ही थांबलात की मी थांबणार."

"तू? दोन जिने चढलीस तर तुला पाणी पाजावं लागतं."

"मग तुम्हाला थांबायला निमित्तच मिळेल."

बाबा ओशाळं हसले. "सहाला उठ मग, बाईसाहेब. हाक मारणार नाही."

आठवड्याने तिने तोच शर्ट धुण्यातून काढून खिडकीच्या उजेडात धरला. जुने पट्टे गेले होते. पाठीवर नवा पट्टा एक, फिका. काखेत घामाच्या वाळलेल्या मिठाची रेघ: डावीकडे चार सेंटीमीटर, उजवीकडे साडेचार.