उत्तनची खूण

रेवदंड्याच्या खाडीत बोट नांगरून तिसरा दिवस उजाडला, तरी आभाळ काही तोंड पुसून बसायला तयार नव्हतं. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि पाऊस असा पडत होता, जसा काही श्रावण विसरलेली छत्री न्यायला परत फिरलाय. सरूबाई केबिनच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. गादी ओली, स्टोव्ह रुसलेला आणि समोर नवरा. राघोनं तीन दिवसांत मोजून दहा शब्द उच्चारले असतील. त्यातले चार "चहा हाय का गो?" हेच.

चाळीस वर्षं त्यानं मुंबईच्या एका शेठची मोटारबोट चालवली. शेठाणीला घारापुरी दाखवली, अलिबाग दाखवलं, शेठाणीच्या कुत्र्यालासुद्धा समुद्राची हवा खाऊ घातली. बायको मात्र राई गावाहून उत्तनला डोक्यावर भाजीची पाटी नेत होती. "रिटायर झालो का तुला नेतो," हे ऐकत तिचे केस पिकले. रिटायर झाला आणि वर्षभर ओटीवर बसून राहिला. मुलगा शशिकांत सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमधून रविवारी यायचा, तेव्हा त्याच्याशीही बोलायचा नाही. मग शेठच्या पोरांनी नवी बोट घेतली, जुनी राघोला देऊन टाकली, आणि राघोत जीव आला. सकाळी उठून दाढी करायला लागला. इंजिन खोलून पुसायला लागला. शिट्टी वाजवायला लागला.

सरूबाईनं अख्ख्या गावात सांगून टाकलं, "मी चाल्ले मुरूडला. आठ दिवस. शेठाणी बसायची त्याच बाकावर बसून."

आता त्या बाकावर बसून तिला कळलं होतं, शेठाणी कुत्रा का आणायची ते. बोलायला कुणीतरी नको का?

मुरूड लांबच राहिलं. चौथ्या पहाटे पाऊस जरा विरळ झाला तसा राघो म्हणाला, "घरला जाऊ." तिनं नांगराचा दोर ओढला. बोट उत्तरेला लागली.

डावीकडे करडं पाणी, उजवीकडे करडा किनारा, मध्ये इंजिनाची धडधड. राघो चाक धरून समोर बघत होता. दर थोड्या वेळानं फडक्यानं काच पुसायचा. आतून पुसायचा, हात बाहेर काढून बाहेरून पुसायचा, पुन्हा आतून. सरूबाईला ती काच स्वच्छ दिसत होती.

मुंबई मागं पडली आणि समोरून मच्छीमारांची एक बोट आली. लाल रंगाची, झेंडा लावलेली, ती केव्हापासून दिसत होती. सरूबाईला वाटलं, आता वळवील, मग वळवील. त्या बोटीवरचे लोक हात हलवायला लागले, मग शिव्या द्यायला लागले. शिव्या ऐकल्यावर राघोनं चाक गरकन फिरवलं. दोन बोटींच्या मधे तीन हात पाणी राहिलं.

"लोकांना बोट चालवता येत न्हाय," राघो म्हणाला, आणि पुन्हा काच पुसली.

तोंडाची तिखट म्हणून राईत सरूबाईची ख्याती होती. सासूला, दिराला, ग्रामपंचायतीच्या मेंबरला, कुणाला तिनं सोडलं नव्हतं. पण आता जीभ टाळ्याला चिकटली. आंधळा झालाय हा. कधीपासून, कोण जाणे. बायकोला सांगितलं नाही, पोराला नाही, आणि चाळीस वर्षांच्या अंदाजावर निघालाय.

चारच्या सुमाराला राघो एकदम ताठ झाला. "ते बघ, उत्तनचं चर्च. चर्चचा पांढरा मनोरा टेकडीच्या टोकाला भिडला का आत वळायचं. माझ्या बापानं शिकवलेली खूण हाय." आणि त्यानं बोट किनाऱ्याकडे वळवली.

सरूबाईनं बघितलं. पांढरं होतं खरं. पण तीस वर्षं त्या चर्चच्या पायरीवर बसून तिनं भाजी विकली होती. त्याच्या डोक्यावर क्रूस होता. या पांढऱ्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी होती. कुणीतरी नवी बिल्डिंग बांधली होती, आणि तिच्याखाली खडकांवर लाटा फुटत होत्या.

"तुमाला दिसत न्हाय," एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांनी माणूस पुन्हा ओटीवर जाऊन बसला असता, आणि या वेळी उठला नसता.

"काय मेल्यांनी बिल्डिंग बांधलीय!" ती कडाडली. "वर टाकी काय, रंग काय! लांबून माणसाला चर्चच वाटंल. आणि खरं चर्च बिचारं पुढं डाव्या हाताला पावसात भिजतंय. खालचे खडक तर बघा, दात काढून बसलेत!"

राघोचे हात क्षणभर थांबले. मग चाक डावीकडे फिरलं.

पुढं जाळ्यांचे खुंट आले. "सगळे खुंट उजव्या अंगालाच रोवायचे होते व्हय रं, मुडद्यांनो?" पुढं एक होडी नांगरलेली होती. "ही बया बघा, ऐन वाटंत पसरलीय, डावीकडनं जा म्हणते!" खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्याला तिनं त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या. घसा सुकला. ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावून दोन घोट प्यायली.

इंजिनाचा आवाज मंदावला. बोट जागच्या जागी डुलायला लागली.

"गप का झालीस?" राघोनं विचारलं. त्यानं मान वळवली नव्हती.

सरूबाईनं तांब्या खाली ठेवला. "समोर काय न्हाय," ती म्हणाली. "सरळ चला."

राईच्या धक्क्यावर शशिकांत छत्री घेऊन उभा होता. वादळाची बातमी ऐकून घाबरला होता बिचारा. गावातली चार माणसं, दोन बायकाही आल्या होत्या. राघो उतरला तोच छाती काढून. "काय घाबरायचं त्यात? आता दिवाळी झाली का हर्णैला जातो!"

सरूबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग लोकांकडे.

"मी न्हाय यायची," ती मोठ्यानं म्हणाली. "मला न्हाय सोसलं. ओकून ओकून जीव गेला. आणि माझ्याबगर ह्यांना मी सोडायची न्हाय. विकून टाका ती बोट."

बायकांनी तोंडाला पदर लावले. विमलाबाई तर खुदखुदलीच, "आणि शेठाणीचा बाक गो?" साठ वर्षांत सरूबाईला असा टोमणा मारून कुणी धड घरी गेलं नव्हतं. तिनं मान खाली घातली.

राघोनं काच पुसायचं फडकं खिशात कोंबलं. मग हसला. "बाईमाणूस," तो शशिकांतला म्हणाला. "म्या आधीच सांगितलेला, तुझ्या आयेला सोसायचा न्हाय." सगळे हसले. मुलाच्या खांद्यावर हात टाकून तो धक्क्यावरून चालायला लागला. बायकाही पांगल्या.

ओली गादी, स्टोव्ह, भांडी उतरवायला सरूबाई एकटी मागं राहिली. त्यानं एकदा तरी वळून बघायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, बघून तरी काय दिसणार होतं त्याला.