शेवटून पाच अक्षरं

लॅटिनच्या बाईंकडे एक युक्ती होती, आणि तिच्या जोरावर एकोणीस वर्षं त्यांच्या वर्गात वृत्ताच्या पेपराला कोणी नापास झालं नव्हतं. सहा गणांची ओळ समोर आली की ती सुरुवातीपासून वाचत बसायचंच नाही. थेट शेवट गाठायचा. शेवटची पाच अक्षरं मोजायची आणि त्यांवर डोळे मिटून खुणा करायच्या: गुरू-लघु-लघु, गुरू-गुरू. तीन अक्षरांचा एक आणि दोन अक्षरांचा एक, झाले दोन गण. उरलेल्या चार गणांत प्रत्येकी चार मात्रा बसवल्या की सुटलो. "पाचवा गण नेहमी गुरू-लघु-लघु," बाई सांगत आणि 'नेहमी'वर फळ्याला खडू आपटत.

ही युक्ती न पचलेली वर्गात एकच मुलगी होती. ती बाकावर बोटं वाजवत प्रत्येक ओळ पहिल्यापासून म्हणून बघायची, त्यामुळे सगळे तिला टकटक म्हणत. चाचणीत बाईंनी एका जुन्या काव्यातली ओळ घातली. खलाशी समुद्राच्या तळातून नांगर ओढून काढताहेत, असा तिचा अर्थ. टकटकने पाचव्या गणावर बेधडक दोन गुरू मांडले. बाईंनी शून्य दिलं.

"बाई, पण तिथे ओळ जडच होते," ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. "एकदा म्हणून तरी बघा ना."

"कान घरी ठेवून येत जा," बाई म्हणाल्या. "इथे नियम चालतो."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, आणि ते हसणंच त्यांना पुढे फार छळणार होतं.

चारच दिवसांनी ग्रंथालयात भलतंच काही शोधताना त्यांच्या हाती त्या काव्यावरचं टिपांचं पुस्तक लागलं. त्या ओळीखाली दोन वाक्यं होती. ओझ्याने ओळ मंद व्हावी म्हणून कवीने इथे पाचव्या गणात मुद्दाम दोन गुरू घातले आहेत. असं क्वचित होतं, पण होतं. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या ओळ पुटपुटून पाहिली. एकदा, दोनदा. पोरीचं सोळा आणे खरं होतं. इतकी वर्षं ही ओळ शिकवली आणि आपण ती एकदाही म्हणून पाहिली नाही, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या शाळेचं इन्स्पेक्शन निघालं. परवा मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या निकालाचं कौतुक केलं, मग कुठल्या तोंडाने सांगणार?

"अगं, सांगून मोकळी हो की," नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला. "दहा मार्कांसाठी कोणी सुळावर चढवत नाही."

"तुला बोलायला काय जातंय!" त्या खेकसल्या. एक चूक कबूल करायची म्हणजे एकोणीस वर्षांची करायची, आणि तेवढी त्यांची छाती नव्हती.

मग त्यांनी पळवाट काढली. पुढच्या चाचणीत तीच ओळ पुन्हा घातली. टकटक हट्टी आहे, ती आपलं तेच लिहील, आपण गुपचूप दहा देऊ आणि मागचेही भरून टाकू. कोणाला काही सांगायला नको आणि मान खाली घालायला नको.

पेपरांचा गठ्ठा घरी आल्यावर त्यांनी आधी तिचाच पेपर उपसून काढला. पाचव्या गणावर गुरू-लघु-लघु. बाईंच्या युक्तीबरहुकूम, अगदी सुबक. वर मात्र काहीतरी गिरगटून खोडलं होतं. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. दोन गुरू. पोरीने आधी बरोबर लिहिलं होतं आणि मग ते स्वतःच्या हाताने बुजवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीही न घेता त्यांनी ती ओळ फळ्यावर लिहिली. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं चुकत आले. हिचं उत्तर बरोबर होतं, आणि मी तुमच्यादेखत हिला हसले."

मग मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे आता आमचे मार्क कापणार?" हशा पिकला. टकटक हसली नाही, तिने वरही पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं. दोन्ही पेपर पुढे ठेवले. पहिल्यावरचं शून्य खोडून दहा केले होते.

"मला माफ कर, बाळा. तुला तर बरोबर ठाऊक होतं. मग खोडलंस का?"

"शून्य मिळालं असतं ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच बाईंना सोसवेना.

"आता एकदा म्हणून दाखवतेस? मला ऐकायचंय तुझ्याकडून."

"नको, बाई." तिने पेपरांची घडी घातली. "वार्षिक परीक्षेत कुठलं लिहायचं तेवढं सांगा. मी तसं लिहीन."

बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आता आपण जे काही सांगू, बरोबर असो वा चूक, ही निमूट तेच लिहिणार आहे.