न सुरकुतलेली तीन बोटं

११ जानेवारी १९९५, सकाळचे साडेनऊ. काटेवाडीजवळच्या कालव्याच्या चारीवर प्रयागबाईंनी सुनेचं उजवं मनगट धरलं, तिची बोटं उन्हात केली आणि चार बायकांसमोर सांगितलं, "बगा गं. हिनं पाण्यात हात घातलाच न्हाय."

मित्रांनो, मी त्या सुनेच्या, मनिषाच्या, त्याच मनगटातली एक चेता आहे; तुम्ही मला नस म्हणता. वय तिच्याइतकंच, चोवीस. माझ्यात हजारो बारीक तंतू आहेत आणि त्यांची कामं तीन तऱ्हेची. काही तंतू बोटांकडून बातमी वर नेतात: गार, गरम, खरखरीत, दुखतंय. काही मेंदूचा हुकूम खाली आणतात: अंगठा वळव, जुडी धर. तिसरे कुणाला विचारत नाहीत. ते घाम आणतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बोट बराच वेळ पाण्यात राहिलं तर ते सुरकुततं, ते या तिसऱ्यांमुळे.

लहानपणी मनिषा माहेरी, पळसदेवला, मासळीच्या जाळ्याच्या गाठी न बघता सोडवायची. लोक तिच्या हाताचं कौतुक करत. माझं नाव कुणी घेतलं नाही.

आदल्या नोव्हेंबरात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तोडताना विळा मनगटावर बसला आणि मी तुटले. प्रयागबाईंनी हळद दाबून चिंधी बांधली. बारा दिवसांत कातडी जुळली. माझी टोकं आत सुटीच राहिली. जुडी हातातून पडू लागली तेव्हा सासू म्हणाली, "जखम भरली, आता नाटक भरलंय."

त्या घरात एक रीत आहे. भाजी धुऊन झाली की सासू सुनेची बोटं बघते. सुरकुतलेलं बोट राबलेलं. ११ जानेवारीला भोगीच्या बाजाराची गाजरं होती. मनिषा सातपासून पाण्यात होती.

"आत्या, डावा हात बगा की. सुरकुतलाय."

"मग उजवा काय पदराखाली ठिवला व्हता? एका हातानं गाजरं धुती, म्हाराणी."

बायका हसल्या. प्रयागबाईंनी अंगठा आणि शेजारची दोन बोटं पाहिली. करंगळी पाहिली नाही. करंगळी दुसऱ्या चेतेची, ती सुरकुतलेली होती. माझ्या तुटण्याचा पुरावा तिथंच होता. त्याची कामचुकारपणात नोंद झाली.

संध्याकाळी नवरा जोतीराम तिला पळसदेवला सोडून आला. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "आई म्हणती, हात बरा झाला की ये."

तिथं भाकरी उलटताना तर्जनी तव्याला चिकटली. मनिषाला वासावरून कळलं. तिची आई तानूबाई दुसऱ्याच दिवशी तिला बारामतीला घेऊन गेली. डॉक्टरांनी तिचा हात अर्धा तास पाण्यात ठेवायला लावला, मग बोटं निरखली. "चेता तुटली आहे. दुखण्याचं सोंग करता येतं. बोट न सुरकुतण्याचं येत नाही."

२० फेब्रुवारीला त्यांनी मला शिवलं. टाका पडला म्हणजे मी जुळले असं नाही. माझे तंतू दिवसाला साधारण मिलिमीटरभर पुढे सरकतात. कोण कुठवर पोचेल, हे मलाही माहीत नाही.

निरोप काटेवाडीला गेला. उत्तर आलं, "डाक्तरला काय, म्हायेरचं मानूस सांगंल ते लिवून देतोय."

मित्रांनो, खोल कापलं तर वरची कातडी पाहून थांबू नका. बोटाला स्पर्श कळतो का, अंगठा वळतो का, ते पाहा. आणि ज्याचा हात आहे त्याचं आधी ऐका.

२ जुलैला जोतीराम पळसदेवला आला. ओसरीवर बसला. पाणीही घेतलं नाही.

"आई म्हणली, बोटं सुरकुतली तरच आण."

"आन् तुमी काय म्हनता?" मनिषानं विचारलं.

तानूबाईंनी पाण्याची बादली आणून आदळली. मनिषानं उजवा हात बुडवला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझे तंतू तेव्हा बोटांच्या मुळाशी होते.

दहा पस्तीसला तिनं हात बाहेर काढला. करंगळी सुरकुतली होती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट गुळगुळीत. जोतीराम करंगळीकडे बघत होता; चारीवर त्याच्या आईनं ती पाहिलीच नव्हती.